अकरावा हात

आमच्या ह्यांचा फोटोवर जेवढा विश्वास, तेवढा माणसावर नाही. माणूस ऐन वेळी डोळे मिटतो, शिंकतो, नको तिथं हसतो. फोटो एकदा हाती आला की त्याचं काय करायचं ते आपण ठरवायचं, असं ह्यांचं म्हणणं. गंगाखेडला बसस्टँडकडून बाजारात शिरताना डाव्या हाताला आमचा स्टुडिओ होता. पाटीवर वर ह्यांचं नाव, दत्तराव, आणि खाली लिहिलेलं: 'जुन्याचे नवे, लहानाचे मोठे व एकाचे दोन करून मिळतील'. ती पाटी कुणाकडून तरी वाचून घेऊन एक म्हातारा बगलेत कोंबडी धरून आला होता, एवढंच सांगते.

फोटो काढायचे ह्यांनी आणि माणसात आणायचे मी, अशी आमची वाटणी. खाली दिवा, वर काच, काचेवर निगेटिव्ह आणि हातात सुईसारखी टोकदार केलेली पेन्सिल. त्या पेन्सिलीनं मी देवीचे व्रण बुजवलेत, तिरळे डोळे जागेवर आणलेत, एका टकल्या मास्तरांना भांग पाडून दिलाय. जिच्या गळ्यात काळ्या मण्यांची नुसती पोत होती, तिला पिवळ्या रंगाच्या चार ठिपक्यांत चपलाहार घातलाय. माझं डोकं लवकर तापतं हे अख्खं गंगाखेड सांगेल, पण हात मात्र थंड. सरजाबाईनं हात फिरवला की सासू पण देखणी दिसते, असं बायका म्हणायच्या, आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

१९८६ च्या हिवाळ्यात एका बाजारच्या दिवशी भिवराबाई आली. राणीसावरगावची धनगरीण, उंच, काटक, दात निम्मे गेलेले पण आवाज शाबूत. सोबत थोरला मुलगा भुजंग. खुर्चीवर न बसता तिनं आधी आमचा पडदा पाहून घेतला. पडद्यावर कारंजं, बगीचा आणि दोन हंस रंगवलेले होते. मग तिनं मागणी सांगितली.

"सगळ्याईचा एक फोटू पायजे," ती म्हणाली. "पर आमी सगळे यायलो न्हाई. आमी कवाच सगळे येत न्हाईत."

मला आधी काही कळेना. मग तिनं नीट सांगितलं. घरात माणसं पाच. ती, भुजंग, मल्हारी आणि सटवा हे तीन मुलगे आणि धाकटी कासाबाई. मेंढरं मात्र दोनशेच्या वर. सुगी संपली की ती शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी बसवायची, एका रानातून दुसऱ्या रानात न्यायची, आणि मागं निदान दोन माणसं तरी कायम हवीत. दुसऱ्याच्या भरवशावर मेंढरं कुणी टाकत नाही, आणि मेंढरंही परक्याचं ऐकत नाहीत. त्यामुळे लग्न असो, बारसं असो की बारावं असो, ह्या घरातून जायची ती निम्मीच माणसं. एका लग्नात भुजंग दिसायचा, दुसऱ्यात मल्हारी, तिसऱ्यात सटवा. तिघं भाऊ एका पंगतीत बसलेले कुणीही पाहिले नव्हते.

आणि तिथंच घोडं अडलं होतं. कासाबाईला सोनपेठच्या लिंबाजीचं स्थळ आलं होतं. सगळं जमत होतं, पण लिंबाजीची आत्या तानुबाई हिच्या मनात शंका शिरली. हे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नसणार, भाऊबंदकी असणार, उद्या पोरीला माहेरी न्यायचं कुणी ह्यावरून काठ्या निघणार, असं तिनं चार जणांत बोलून दाखवलं. रानात येऊन बघा म्हणावं तर तिचे गुडघे एस.टी.च्या पलीकडे चालत नव्हते. शेवटी तिनं अट घातली की तिघा भावांचा आईबहिणीसोबतचा एक फोटो दाखवा, नाहीतर आम्ही दुसरीकडं बघतो.

भिवराबाई सांगत होती आणि ह्यांच्या डोळ्यांत चमक चढत होती. ह्यांनी खुर्ची पुढं ओढली. माणसं एका वेळी यायची गरजच नाही, म्हणाले. ज्याला जेव्हा सवड होईल तेव्हा त्यानं यावं. एकेकट्याचा फोटो काढू आणि नंतर सगळ्यांना एका जागी आणू. भिवराबाईनं माझ्याकडे पाहिलं. होतं हो तसं, असं मी म्हणाले, आणि खोटं काहीच म्हणाले नाही.

करायचं असं. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचे पाय खडूच्या खुणांवरच ठेवायचे, म्हणजे सगळ्यांचं अंतर सारखं. दिवा दर वेळी डाव्याच बाजूला, म्हणजे सावल्या एकाच दिशेला पडतात. मग एन्लार्जरखाली सगळ्यांना एका मापात मोठं करायचं, ब्लेडनं कडेकडेनं कापायचं, कापलेल्या कागदाची कड मागून पॉलिश पेपरनं घासून कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ करायची. मोकळ्या पडद्याच्या फोटोवर सगळे चिकटवायचे, सांधे ब्रशनं बुजवायचे आणि त्या सगळ्याचा पुन्हा फोटो काढायचा. ह्या नव्या निगेटिव्हवरून जो फोटो निघतो त्यात सांधा शोधून सापडत नाही. त्यावर मग रंग. कामाला वेळ लागतो आणि शिव्या लागतात.

पहिल्याच दिवशी भिवराबाई खुर्चीत अशी बसली की मी खूश झाले. ताठ मान, दोन्ही हात गुडघ्यावर, जरीकाठाचा पदर डोक्यावर. बाजूला भुजंग उभा राहिला आणि त्यानं आईच्या खांद्यावर हात ठेवला. भिवराबाईचा फोटो सोन्यासारखा आला. भुजंगानं मात्र प्रत्येक फोटोत डोळे मिटले होते. जन्मभर उन्हात डोळे उघडे ठेवून मेंढरं मोजणारा माणूस आमच्या दोन दिव्यांपुढं टिकला नाही. मी पेन्सिलीनं त्याला डोळे काढून पाहिले, तर तो फौजदार घरात शिरल्यासारखा बघायला लागला. मी ते पुसून टाकलं आणि त्याला पुन्हा एकट्याला बोलवायला सांगितलं.

पुढच्या बाजारला मल्हारी आला. दोन्ही हातांनी काठी धरून उभा राहिला. त्याच्या पुढच्या बाजारला सटवा आणि कासाबाई. सटव्यानं तालमीतल्या पहिलवानासारखे हात छातीवर बांधले आणि सोडायला तयार होईना. मग भुजंग पुन्हा आला, ह्या वेळी एका हातात छत्री आणि दुसरा हात कमरेवर घेऊन. दिवे लावायच्या आधी मी त्याला तीन अंक मोजून डोळे उघडायला शिकवलं. हे सगळं होईपर्यंत माझ्या ध्यानात आलं की तिघांच्याही डोक्यावर तोच फेटा आहे. घरात चांगला फेटा एकच, आणि जो गावात यायचा तो घालून यायचा. मी एक लाल रंगवला, एक गुलाबी आणि एक पिवळा. सटवा गुलाबी फेट्यात फार गोड दिसला.

कासाबाईचं हसू काही केल्या थांबेना. हे म्हणाले हालू नको, ती हसली. हे काळ्या फडक्याखाली गेले, ती पोट धरून हसली. शेवटी ह्यांना बाहेर पाठवून मी तिला खडसावलं की हा फोटो नवरदेवाच्या घरी जाणार आहे, गंमत नाही. तेव्हा ती एकदम गप्प झाली आणि मला जवळ बोलावून हळूच म्हणाली की राणीसावरगावच्या यात्रेत तिनं लिंबाजीला पाहिलंय. तोही तिच्याकडे बघत होता, पण बघताना समोरच्या माणसाच्या पायावर पाय देऊन पडला.

"बाई, मला त्योच पायजे," ती म्हणाली. "दुसरा दाखवला तर मी मेंढरामागं जाईन ती घरी येणारच न्हाई."

झालं. त्या दिवसापासून तो फोटो भिवराबाईचा राहिला नाही, माझा झाला. ही पोरगी सोनपेठला गेलीच पाहिजे असं मी मनाशी पक्कं केलं, आणि मी एकदा पक्कं केलं की आमच्या घरात कुणी मध्ये पडत नाही.

चिकटवून झालं तेव्हा सगळं साजरं दिसत होतं. मध्ये खुर्चीत भिवराबाई, तिच्या उजवीकडे कासाबाई, डावीकडे हात बांधलेला सटवा, मागं काठी धरलेला मल्हारी आणि कडेला छत्रीवाला भुजंग. एकच गोष्ट उरली होती. पहिल्या दिवशी भुजंगानं आईच्या खांद्यावर ठेवलेला हात. भुजंगाला तिथून कापून काढला होता, पण हात कापायचा तर भिवराबाईचा पदर फाटत होता. त्यात काही अवघड नव्हतं. रंग देताना त्या हातावर पदराची एक चुणी ओढली की हात गेला. पण नेमकं तेव्हाच सोनपेठला माझ्या भावाच्या मुलीचं बारसं निघालं. मी ह्यांना त्या हातावर बोट ठेवून दाखवलं, मी येईपर्यंत फोटो द्यायचा नाही असं बजावलं आणि एस.टी.त बसले.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या माहेरच्या दारात मल्हारी उभा. बगलेत घोंगडीत गुंडाळलेली फ्रेम. फोटोवाल्यांनी दिली, म्हणाला, आणि सोबत बाईंना न्या म्हणाले, म्हणजे मान राहील. मला तेव्हाच संशय यायला हवा होता, पण माहेरी माझं डोकं जरा ढिलं चालतं. शिवाय माझ्या कामाची तारीफ ऐकायला मीही आतून नाचतच होते. आम्ही दोघं लिंबाजीच्या घरी गेलो.

तानुबाई ओसरीवर बसली होती. ठेंगणी, गोल, डोळे मात्र सोनाराचे. बाजूला लिंबाजीचा बाप. लिंबाजी आतल्या दारात, अर्धा बाहेर. मल्हारीनं घोंगडी सोडली. फोटो पाहून आधी सगळ्यांच्या तोंडून नुसता आवाज निघाला. खरंच सुंदर झाला होता. फेटे झळकत होते, हंस पाण्यात तरंगत होते, पाचही जण एका जागी, खांद्याला खांदा लावून. मी पदर सारखा करून सावरून बसले. तानुबाईनं फ्रेम मांडीवर घेतली आणि एकेकाच्या अंगावरून बोट फिरवायला लागली. भिवराबाईच्या खांद्यावर आल्यावर तिचं बोट थांबलं.

माझीही नजर तिथं गेली. हात तिथंच होता. नुसता होता असं नाही, ह्यांनी तो मन लावून रंगवला होता. बोटं, नखं, सगळं. आणि बोटात सोन्याची अंगठी घातली होती, लाल खड्याची.

तानुबाईनं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. हिचे दोन गुडघ्यावर, ह्याचे दोन छातीवर, ह्याचे काठीवर, एकाचा छत्रीवर आणि एक कमरेवर, पोरीचे पदरावर.

"माणसं पाच," ती म्हणाली. "हात अकरा. ह्यो अंगठीवाला कोण व्हता, ज्याला तुमी कापलं?"

मल्हारी बिचारा कधी खोटं बोललेला माणूस नाही. त्यानं घाईघाईनं सांगून टाकलं की कुणालाच कापलं नाही, उलट जोडलंय, सगळे वेगवेगळ्या दिवशी आले होते, आणि तो हात भुजंगाचाच आहे. आगीत तेलच पडलं. म्हणजे तिघं भाऊ फोटोलासुद्धा एका जागी उभे राहिले नाहीत, तानुबाई म्हणाली. म्हणजे मी बोलत होते तेच खरं. शिवाय अंगठीवाला चौथा कुणीतरी आहे आणि त्याला वाटणी न देता हाकललाय, हा संशय वेगळाच. लिंबाजीच्या बापानं मान हलवली आणि फोटो परत घोंगडीत ठेवायला सांगितलं. आतल्या दारात लिंबाजीचा चेहरा उतरला. तो पाहून माझं डोकं तापलं, आणि तापलं की माझी जीभ माझी राहत नाही.

मी उभी राहिले आणि सांगितलं की येत्या बाजारच्या दिवशी गंगाखेडला या, आमच्या स्टुडिओसमोर. बसमधून उतरल्यावर चार पावलं चालायचंय. पाचही जणांना जिवंत उभं करते. हात, पाय, नाक, कान, काय मोजायचं ते मोजून घ्या. त्यानंतरही नको असेल तर नाही म्हणा. तानुबाई म्हणाली, येतो. लिंबाजीला पण आणतो, त्याच्याबी डोळ्यानं दिसू द्या.

परतीच्या बसमध्ये मल्हारी माझ्या शेजारी फ्रेम मांडीवर घेऊन बसला होता.  मग त्यानं एकच विचारलं.

"बाई, मेंढरं कुठं ठिवावी?"

तो सगळा राग मी घरी येऊन ह्यांच्यावर काढला. हात का ठेवलात, म्हटलं. तर पुसला असता पण इतका छान आला होता, म्हणाले. बरं, अंगठी कशाला? तर हात मोकळा दिसत होता. ह्या माणसाशी मी पंधरा वर्षं संसार केला होता, त्याचं मला त्या दिवशी स्वतःचंच कौतुक वाटलं. तरी ह्यांचा उत्साह काही कमी होईना. भिवराबाईच्या डोक्यावरून पदर खाली आणून दुसरा फोटो करू, भुजंगाचा हात लांब करू, तानुबाईचाच फोटो काढून तिला मध्ये बसवू, असे एकेक बेत ते सांगत राहिले. मी चप्पल घातली आणि भिवराबाईला भेटायला निघाले.

मेंढरं तेव्हा गंगाखेडबाहेरच एका काढलेल्या ज्वारीच्या रानात बसवलेली होती. मी आपली चूक नसताना शिव्या खायच्या तयारीनं गेले होते. भिवराबाईनं सगळं ऐकून घेतलं. एक कोकरू तिच्या मांडीत होतं, त्याच्या पायातला काटा काढून झाल्यावर तिनं त्याला सोडलं. कासाबाई तिच्या मागं उभी होती आणि आज तिला हसू येत नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, मी जमिनीकडे.

"मंग मेंढरं बी यिऊ द्या की," भिवराबाई म्हणाली.

आम्ही सगळे तिच्याकडे बघतच राहिलो. इतकी साधी गोष्ट कुणालाच सुचली नव्हती. फोटो म्हटला की माणसानं स्टुडिओत यायचं, हे आमच्या डोक्यात पक्कं. मेंढरं बाजारात न्यायची नसतात, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. ह्या दोन पक्क्या गोष्टींच्या मध्ये आम्ही ब्लेड आणि डिंक घेऊन महिनाभर खपलो होतो. मला एकदम इतकं हसू आलं की मी त्या रानात खालीच बसले, आणि मग कासाबाईही सुरू झाली.

बाजारचा दिवस उजाडला. सोनपेठच्या बसमधून तानुबाई, लिंबाजी आणि त्याचा बाप उतरले. लिंबाजी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि नव्या चपला घालून आला होता. तिघांना आम्ही स्टुडिओच्या ओट्यावर खुर्च्या दिल्या, चहा दिला. ह्यांनी कॅमेरा रस्त्यावर मांडला आणि सवयीनं खडूच्या खुणाही केल्या. तेवढ्यात पेठेच्या त्या टोकाला धूळ उठली.

मेंढरं बाजारात शिरली आणि बाजार बाजार राहिला नाही. पुढची मेंढरं आमच्यापर्यंत आली तरी मागची अजून वळणावर होती. कांद्याच्या ढिगाची मालकीण ढिगावर आडवी पडली. काही मेंढरं कापड दुकानाच्या गादीवर चढली आणि दुकानदार हातात गज घेऊन त्यांना बसा बसा म्हणत राहिला, इतक्या वर्षांची सवय. परभणीची बस मध्येच अडकली, ड्रायव्हरनं आधी हॉर्न वाजवला आणि मग खाली उतरून पानपट्टीवर जाऊन उभा राहिला. तीन मेंढरं आमच्या स्टुडिओत घुसली आणि पडद्यावरचं रंगवलेलं गवत चाटायला लागली. हे कृतकृत्य झाले. त्या पडद्याला एवढी दाद कुणी दिली नव्हती. मग मोठा एडका आत गेला, गिऱ्हाइकांच्या भांग पाडायच्या आरशात त्याला दुसरा एडका दिसला आणि तो टक्कर द्यायला दोन पावलं मागं सरला. हे हात पसरून आरशापुढं उभे राहिले. एरवी उंदराला भिणारा माणूस.

एडक्याला ओढून बाहेर काढलं. मी ओरडून पाचही जणांना जागेवर उभं केलं. भिवराबाई खुर्चीत, बाकीचे मागं. हे कॅमेऱ्याशी गेले, आणि तेवढ्यात मेंढरं कांद्याकडे वळली, सटवा धावला. सटवा आला तर भुजंग नाही, तो गूळवाल्याच्या दुकानातून दोन कोकरं बाहेर काढत होता. भुजंग आला तर मल्हारी बसच्या मागं. ह्यांनी प्रत्येक वेळी बटण दाबायला बोट नेलं आणि प्रत्येक वेळी एक जागा रिकामी. रस्त्यात पाचशे माणसं जमून हसत होती, पोरं टाळ्या वाजवत होती, भिवराबाई खुर्चीतून एकेका पोराला हाका मारत होती आणि कासाबाई एकटी आपल्या जागेवर हलायचं नाव न घेता उभी होती. तिच्या तोंडावर हसूही होतं आणि रडूही.

तानुबाईनं हे बराच वेळ पाहिलं. मग ती खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली.

"आजबी एका जागी न्हाईत," ती म्हणाली. "एक येतो अन् दुसरा जातो. चला, बस निघंल."

लिंबाजीचा बाप उठला.  इतका गोंधळ, इतकी हौस, आणि सगळं चार मेंढरांपायी मातीत जाणार. मी तानुबाईचा हात धरला. आणि तेव्हा लिंबाजी उठला. त्यानं डोक्यावरची टोपी काढून बापाच्या हातात दिली, नव्या चपला ओट्यावर काढल्या आणि अनवाणी त्या धुळीत उतरला. धावत आलेल्या सटव्याच्या हातातली काठी त्यानं घेतली.

"तुमी ऱ्हावा उभे," तो म्हणाला. "मी बघतो."

परक्याचं मेंढरं ऐकत नाहीत, हे मला भिवराबाईनंच सांगितलं होतं. तिनंही जागेवरून मान वर करून बघितलं. लिंबाजीनं जीभ टाळूला लावून एक आवाज काढला. एडक्यानं मान वळवली, त्याच्याकडे रोखून बघितलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, त्याच्या दिशेनं चालायला लागला. एडका गेला तशी बाकीची निघाली. लिंबाजी मागं मागं सरत राहिला आणि दोनशे मेंढरं त्याच्यासमोर गोळा होत गेली, पार बसच्या चाकापर्यंत. इस्त्रीचा सदरा गेला, एक कोकरू खांद्यावर चढलं. इकडे तिघं भाऊ आईच्या मागं येऊन उभे राहिले, धापा टाकत, एक चांगला आणि दोन रोजचे असे तिन्ही फेटे वाकडे, पण तिघं. तानुबाईनं उभ्या उभ्या मोजलं. ह्यांनी बटण दाबलं.

लिंबाजीच्या बापाला मात्र हे आवडलं नाही. अजून सुपारी फुटली नाही आणि पोरगं सासरची मेंढरं वळायला लागलं, लोक काय म्हणतील, असं तो पुटपुटत होता. आपल्या भावाची इज्जत गेली, असं तानुबाईही म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. पण ती परत खुर्चीत बसली आणि म्हणाली की फोटो बघितल्याशिवाय जात नाही. बस गेली.

आम्ही दोघं आतल्या अंधाऱ्या खोलीत घुसलो. फिल्म धुतली, मी पंख्यानं वारा घालून वाळवली, तरी ओलीच होती. लाल दिव्याखाली कागद डेव्हलपरमध्ये टाकला आणि आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. आधी फेटे आले, मग भिवराबाईचे उरलेले दात, मग सगळे. सगळं खरं, कुठंही सांधा नाही, पाठीमागं कांद्याचा ढीग. माझे डोळे भरून आले, ते ह्यांना दिसू नये म्हणून मी हायपोच्या औषधाचा वास झोंबल्यासारखं केलं.

ह्यांनी मात्र कपाळाला हात लावला. बाकी चौघं समोर बघत होते आणि कासाबाईची मान पार उजवीकडे वळलेली होती. फोटोच्या चौकटीतून बाहेर कुठंतरी ती बघत होती, तोंड अर्धं उघडं. हे म्हणाले की घाबरायचं कारण नाही, आधीचा चेहरा आपल्याकडे आहे, ब्लेड दे, अर्ध्या तासात बसवून देतो. मी ब्लेड उचललं आणि मोरीच्या भोकात टाकलं. मग तो ओला फोटो काचेवर घेऊन मीच बाहेर आले.

तानुबाईनं काच मांडीवर घेतली. पाचही जण तिच्याभोवती उभे होते. मेंढरं रस्त्याच्या कडेला बसली होती आणि त्यांच्यात लिंबाजी, कोकरू खांद्यावर घेऊन. तानुबाईनं बराच वेळ बघितलं. हात मोजले नाहीत. एका चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि वर बघितलं.

"पोरगी कुठं बघायलीय?"

 भुजंग खोकला. रस्त्यात लिंबाजी आपल्या अनवाणी पायांकडे बघायला लागला. कासाबाई पुढं आली. सासरच्या वडीलधाऱ्या बाईला जशी हाक मारतात तशी तिनं तानुबाईला हाक मारली, आणि तशी हाक मारायला अजून तरी तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"मेंढराकडं बघायले व्हते, आत्याबाई."

तानुबाईनं एकदा तिच्याकडे बघितलं आणि एकदा रस्त्यातल्या मेंढरांकडे. मग काच माझ्या हातात दिली.

"कुणीतरी साखर आना की," ती म्हणाली. "बस तर गेलीच."